मोठ्या जावयाचा रेडिओ

माझे साडू खोटं बोलत नाहीत, हे आधीच मान्य करतो. दुसरं कोणी खोटं बोललं तर ते अडवत नाहीत, एवढंच. सासुरवाडीत कोणी म्हणालं, "आबांना तो बिनसेलाचा रेडिओ मोठ्या जावयांनी करून दिला होता ना?" की हे मान खाली घालून सुपारी कातरत राहतात. हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. चेहऱ्यावर असा काही विनय, की बघणाऱ्याला वाटावं, केवढं केलं माणसाने, पण बोलून दाखवत नाही. दर आखाजीला मी हे बघत आलो आहे.

तो रेडिओ मी केला होता.

अक्षय्य तृतीया इतरांसाठी सोनं घ्यायचा दिवस असेल, आमच्या खानदेशात ती लेकींची आखाजी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि त्यांना न्यायला आलेल्या जावयांना आमरस-पुरणपोळीचं जेवण होतं. माझी सासुरवाडी जळगाव-पाचोरा रस्त्यावरून आत, गिरणेच्या बाजूला. घरात दोन लेकी, एक मुलगा. थोरली अक्का साडूंना दिलेली. साडू वरणगावच्या फॅक्टरीत स्टोअरला होते, सरकारी नोकरी, क्वार्टर, पेन्शन. धाकटी मला. मी तेव्हा धुळ्यात एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला होतो. जळालेल्या पंपांची तार उपसायची, नवीन भरायची. हाताला वार्निशचा वास. लग्नात वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्याने माझ्या सासऱ्यांना सगळ्यांसमोर विचारलं होतं, "आबा, दुसरीले काही नोकरीवाला नही भेटना का?" आबा पंगत बघायला उठले. मी ऐकलं होतं.

लग्नानंतरच्या आखाजीला मी काय न्यावं हा प्रश्न होता. साडू कपडे आणायचे. मला कपडे परवडत होते, पण साडूंच्या कपड्यांशेजारी ठेवल्यावर ते हलके दिसले असते. आबांना एकच नाद होता, रेडिओ. संध्याकाळचे बाजारभाव, शेतीचा कार्यक्रम, बातम्या. आणि एकच राग होता, सेल. सेल उतरले की ते रेडिओला शिव्या द्यायचे, मग दुकानदाराला, मग सेल उन्हात वाळत घालायचे. म्हणून मी त्यांना सेलच लागत नाही असा रेडिओ करून द्यायचं ठरवलं.

त्यात नवल काही नाही. उंच बांधलेली लांब तार म्हणजे एरियल, ती हवेतला सिग्नल गोळा करते. नळीवर गुंडाळलेली कॉइल आणि स्टेशन लावायला एक गँग, म्हणजे जुन्या रेडिओत बटण फिरवल्यावर आत पात्या फिरतात तो भाग. सिग्नलमधून आवाज वेगळा काढायला जर्मेनियमचा एक डायोड, तांदळाच्या दाण्याएवढा, काचेचा. कानात घालायचा क्रिस्टल इअरफोन. आणि चांगलं अर्थिंग, म्हणजे ओल्या जमिनीशी तारेची जोड. एवढंच. सेल नाही, वीज नाही. आकाशवाणीच्या जळगाव केंद्रातून येणाऱ्या लहरीच इअरफोन हलवतात. तार दुकानातली होती, नळी सूतगिरणीतली पुठ्ठ्याची, डायोड एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून भांडून मिळवला होता. अर्थिंगची तार मी आबांच्या अंगणातल्या हातपंपाच्या लोखंडी पाइपला बांधली. आबांनी इअरफोन कानात घातला, काढून बघितला, परत घातला. मग सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "सेल नही, लाइट नही, तरी बोलस!" आणि माझ्याकडे वाकून हळूच, "हाऊ जवाई नही, कारागीर शे."

त्या घरात मला मिळालेला एवढाच चांगला शब्द.

पुढच्या पावसाळ्यात वादळात एरियल तुटली. मी धुळ्यात होतो. साडू रविवारी तिकडे गेले होते, त्यांनी ती परत अंगणातल्या कडुलिंबाला बांधली. झालं. त्या दिवसापासून तो मोठ्या जावयाचा रेडिओ. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तार कोणी बांधली एवढंच गावाला दिसलं, आत काय आहे ते कोण बघतो? पण साडूंना माहीत होतं. पुढे घरावर स्लॅब टाकला तेव्हा जुन्या सामानात तो रेडिओ गेला, आणि वस्तूच उरली नाही म्हटल्यावर गोष्ट जास्तच पक्की झाली.

मी नंतर स्वतःचं दुकान टाकलं. दोन माणसं ठेवली, मग जास्त ठेवली. घर बांधलं. सासुरवाडीत कोणाचा पंप जळाला की माझ्याकडे येतो, आणि तरी आखाजीला पंगत बसली की कोणीतरी नव्या सुनेला सांगतं, "हे मोठे पाहुणे, ह्यांनी बिगरसेलाचा रेडिओ केला होता." मी पुरणपोळी खाली ठेवतो. बायको डोळ्यांनी गप्प बसा म्हणते.

दोनेक वर्षांपासून आबांची स्मरणशक्ती जायला लागली. नव्वदीला टेकलेला माणूस. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, जुन्या बैलांची नावं मात्र बरोबर सांगतात. गेल्या आखाजीला त्यांनी मला विचारलं, "तुमी कोन?" मग ओळखलं. घरी येताना मी गाडीत तेच बोलत होतो. गाव ज्याचं ऐकेल असा त्या रेडिओचा साक्षीदार एकच होता आणि तोच पुसला चालला होता. उद्या आबा गेले की साडूंची सुपारी हाच पुरावा.

"एवढं काय त्यात?" बायको म्हणाली.

"तुला नाही कळायचं."

"मला चांगलं कळतं. रेडिओ तुम्ही केला हे मला ठाऊक आहे, आणखी कोणाला ठाऊक पाहिजे?"

"तुझ्या बापाला."

या वर्षी मी परत तोच रेडिओ करायचं ठरवलं. सगळ्यांसमोर, त्याच अंगणात, आबांच्या कानात घालायचा आणि त्यांच्या तोंडून ऐकायचं.

कॉइल माझ्या दुकानात अर्ध्या तासाचं काम. गँग भंगारातल्या रेडिओतून मिळाला. इअरफोन मागवला. अडलं डायोडवर. जर्मेनियमचे डायोड आता कोणी घेत नाही. धुळ्यात मी चार दुकानं फिरलो, सगळ्यांनी सिलिकॉनचा पुढे केला. सिलिकॉनला जास्त व्होल्टेज लागतं, हवेतून येणारा सिग्नल तेवढा नसतो, तो डायोड उघडतच नाही. शेवटी एका गल्लीतल्या दुकानदाराने डब्यात हात घालून सांगितलं, "आहे एक. जुना माल."

त्याने भाव सांगितला तेव्हा मी हसलोच.

"तांदळाचा दाणा घेतोय की तांदळाचं पोतं?"

"शेठ, मिळत नाही कुठे."

"मिळत नाही म्हणजे खपत नाही. तुमच्याकडे किती वर्षं पडलाय?"

"मग नका घेऊ."

मी पायरी उतरलो. त्याने हाक मारली नाही. मी परत चढलो, म्हणालो, तुमच्यासारख्या माणसाने गिऱ्हाइकाशी असं बोलू नये. तो म्हणाला, तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज आलं तर शटर ओढावं लागेल. मी त्याला त्याच्या दुकानाची, वायरींची, धुळीची सगळी किंमत ऐकवली. मी भाव करताना आवाज चढवतो, तो माझा स्वभाव आहे आणि त्याचा मला फायदाच झालेला आहे. शेवटी तो वैतागला. "द्या काय द्यायचं ते," म्हणत आत गेला आणि कागदाच्या पुडीत डायोड आणून दिला. काचेचा, एका टोकाला काळी पट्टी. त्याने सांगितलेल्या भावाच्या निम्म्याहून खूप कमी मी दिले. घरी येईपर्यंत माझा मूड चांगला होता.

दुकानात मी त्याला मीटर लावला. एका बाजूने जातो, दुसऱ्या बाजूने अडतो. आम्ही मोटारीचं काम करणारे, तार चालू आहे की तुटली एवढंच मीटरला विचारतो. आकडा बघायची सवय नाही. जोडला. धुळ्याला गच्चीवर तार टाकून ऐकलं, काही नाही. पण जळगावचं केंद्र धुळ्याहून लांब पडतं, एवढ्या साध्या रेडिओला ते पकडायचं म्हणजे अवघडच. गावाला तो बोलणारच, असं मी धरून चाललो. एकदाही शंका आली नाही. ज्या मालावर मी एवढा भाव पाडला, तो माल मला वाईट लागूच शकत नाही, असं मला नेहमी वाटतं.

आखाजीला आम्ही सकाळीच पोहोचलो. साडू आदल्या दिवशीच आलेले होते, पांढऱ्या बनियनवर खाटेवर बसून सगळ्यांना आंबे कोणते घ्यावेत ते सांगत होते.

"या, साडूभाऊ. हे काय, खोकं कसलं?"

"रेडिओ."

"अरे वा! सेलचा की…"

"बिनसेलाचा."

सुपारी कातरायची थांबली. मग परत सुरू झाली. "छान, छान. आबांना फार आवडायचा तो."

हातपंप आता राहिला नाही. त्याजागी बोअर आहे आणि त्यात प्लास्टिकचा पाइप, अर्थिंगला निरुपयोगी. मी एक लोखंडी सळई नेली होती. काळी जमीन वैशाखात अशी फाटलेली असते की तिच्यात हात जाईल. अशा कोरड्या मातीत सळई ठोकून अर्थिंग मिळत नाही. खानदेशातला कुठलाही मोटारवाला हे जाणतो, उन्हाळ्यात शेतकऱ्यालाच सांगतो की स्टार्टरच्या अर्थिंगवर पाणी टाकत जा. मी सळई ठोकली आणि हात धुतल्यासारखं करून बादलीभर पाणी तिच्या बुडाशी ओतलं. कोणाला काही सांगितलं नाही. गिऱ्हाइकाशिवाय कोणाला सांगायची सवयही नाही.

मेहुण्याने लिंबावर चढून तार बांधली. आबांना खुर्चीत आणून बसवलं. पाहुणे जमले, बायका झोका सोडून आल्या. मी इअरफोन आधी माझ्या कानात घातला आणि गँग फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. परत. काही नाही. खरखरसुद्धा नाही.

"येतंय का?" साडूंनी विचारलं.

"थांबा."

"केंद्र चालू आहे ना? आता सगळे मोबाईलवर ऐकतात म्हणून विचारलं."

मेहुण्याच्या घरात एक खेळण्यातला रेडिओ होता, त्याने तो मीडियम वेव्हवर लावून दाखवला. जळगाव खणखणीत बोलत होतं. लोक हसले. मी जोड तपासले, तार परत खरवडली, एरियल ओढून बघितली.

"आमच्या वेळी एवढा त्रास झाला नव्हता," साडू म्हणाले.

आमच्या वेळी. मला त्यांच्या डोक्यात ते खोकं घालावंसं वाटलं.

"तुमच्या वेळी तुम्ही फक्त तार बांधली होती."

"मी काय म्हणतो, साडूभाऊ? मी कधी म्हणालो मी केला?"

"कधी म्हणालात नाही केला?"

"अहो, आखाजी आहे…" माझी बायको.

"कारागीर गरम झाला, रेडिओ थंड," मागून कोणीतरी म्हणालं आणि झोक्यावरच्या बायकांपर्यंत हसू गेलं. आबा खुर्चीत हात मांडीवर ठेवून वाट बघत होते. मग त्यांना कशाची वाट बघतोय ते आठवेना आणि ते उठायला लागले.

मी मीटर काढला. आता मी आकडा बघितला, म्हणजे डायोड उघडायला किती व्होल्टेज लागतं ते. जर्मेनियम असता तर अगदी थोडा आला असता. आला तो त्याच्या दुपटीहून जास्त. सिलिकॉन. त्या धुळ्याच्या माणसाने आत जाऊन माल बदलला होता. दोन्ही काचेचे, दोन्हीला पट्टी, फरक डोळ्यांना दिसत नाही. भाव पाडला म्हणून माल पाडला. हा धंदा मला काय सांगावा? माझ्याकडे शेतकरी फारच घासाघीस करायला लागला की मी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरतो. पण मी तोंडावर सांगतो, ह्या भावात ॲल्युमिनियम, पटलं तर ठेवा मोटार. ह्याने सांगितलं नाही. आखाजी झाल्यावर मी त्याच्या दुकानी गेलो आणि काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो एवढंच म्हणाला, "शेठ, तुम्ही दिले तेवढ्यात तोच येतो."

पण अंगणात मी काय सांगणार? मला दुकानदाराने फसवलं? मला? साडू सुपारीचं ताट घेऊन बसले होते, आणि माझ्या बायकोच्या अख्ख्या माहेराला भाव कसा करायचा हे शिकवणारा मी.

जेवणं झाली. मी नीट जेवलो नाही. मागच्या पडवीत बसून, हा दाणाच खोटा असं पुटपुटत डायोडची तार हाताने वळवत होतो तेव्हा अक्का आली. साडूंची बायको. वरणगावच्या क्वार्टरमध्ये आयुष्य गेलं, पण रागावली की अहिराणीवर येते. तिच्या हातात आबांचा जुना ट्रान्झिस्टर होता, सेलचा, ज्याला आबा शिव्या द्यायचे तो. बंद पडून किती वर्षं झाली देव जाणे. तिने तो कापडात बांधून ठेवला होता.

"येन्हामां नही का तुमना तो दाना?"

होता. जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये आवाज काढायला जर्मेनियमचाच डायोड असायचा. माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं आणि हिच्या आलं होतं, किंवा तिने नुसताच अंदाज केला असेल. मी हात पुढे केला. तिने ट्रान्झिस्टर मागे घेतला.

"आधी आयका. रेडिओ तुम्ही करा व्हता, माले ठाऊक शे. तव्हाच ठाऊक व्हतं."

"आणि एवढी वर्षं तोंड शिवलं होतं?"

"मना नवराना विरुद्ध मी भरी पंगतमां बोलू?" मग ती शहरातल्या मराठीवर आली, जास्त टोचेल अशी. "भाऊ, तुम्ही केला. पण दर रविवारी येऊन आबांना लावून कोण देत होतं? कानात घालून कोण बसत होतं? तुम्ही आखाजीला येता, जेवता, भांडता, जाता. गावाने मोठ्या जावयाचा रेडिओ म्हटलं ते काय उगाच?"

"मी दुकान बघायचं की कान धरून बसायचं?"

"ते तुम्ही बघा. हा देते, पण एका अटीवर. लावून द्या आणि भांडू नका."

"लावून देतो. दुसरं बघू."

"बघू नाही."

"बरं, आज भांडत नाही."

आज, असं मी मुद्दाम म्हणालो. तिने ते ऐकलं आणि ट्रान्झिस्टर दिला. तिचं म्हणणं खरं असेल, पण ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. कोणी केला, एवढाच माझा प्रश्न होता. लावून कोण देत होतं, हा वेगळा विषय आहे.

डायोड काढायला विजेवर तापणारं सोल्डरिंग आयर्न लागणार, आणि दुपारची लाइट गेलेली. मी चुलीपाशी गेलो. तिथे बायका खापरावर राहिलेल्या पोळ्या टाकत होत्या. मी आयर्नचं टोक निखाऱ्यात खुपसलं.

"ओ धाकला पाहुना, पोळीले रेडिओना वास लागी!"

"लागू द्या, मोठ्या पाहुण्यांच्या ताटात वाढा."

त्या हसल्या. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं. चुलीवर टोक तापवत, पळत जाऊन एक टाका वितळवत, परत तापवत, मी डायोड काढला आणि रेडिओत बसवला. काच धुरकट झाली होती. मीटर लावला, आकडा थोडासा. जर्मेनियम.

संध्याकाळ होत आली तरी लाइट आली नव्हती. पंखे बंद, टीव्ही बंद, मोबाईल उतरलेले, म्हणून माणसं सगळी अंगणातच. मी सळईपाशी परत बादली ओतली. इअरफोन कानात घातला आणि गँग जेमतेम हलवला, तर बाई बोलत होती. बारीक, पण स्वच्छ. बाजारभाव सुरू होत होते.

मी आबांजवळ गेलो, इअरफोन त्यांच्या कानात घातला. त्यांनी मान तिरपी केली. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला, भुवया वर गेल्या, आणि ते ओरडले, "केळीना भाव आखो पडना!"

सगळे हसले, मीसुद्धा. आबा हसले नाहीत, ते कुठल्यातरी व्यापाऱ्याला शिव्या देत होते. मग त्यांनी तार हाताने चाचपली, खोक्यापर्यंत गेले, खोकं उलटं करून सेल कुठे आहेत ते बघितलं. नाहीत.

"कोनी बनाडा हाऊ?"

हाच तो प्रश्न. ह्याच्यासाठी मी आलो होतो. माझं तोंड उघडलं होतं, पण मला वाटलं, मी सांगू नये. आपलं आपण सांगितलं तर त्याला काय किंमत? अंगणात सगळे आहेत, बायको आहे, अक्का आहे, कोणीतरी सांगेल. पण सगळ्यांनी साडूंकडे बघितलं.

साडूंनी अडकित्ता खाली ठेवला. उठले. आबांजवळ गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आबा, हा तुमच्या धाकट्या जावयांनी केला. आणि खरं सांगायचं तर तो पहिलाही त्यांनीच केला होता. माझं नाव उगाच झालं. श्रेय त्यांचं."

आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "कारागीर शे."

मला हवं ते शब्दाशब्दाने मिळालं होतं. आणि अंगणात काय चाललं होतं? "बघा, केवढं मन!" "मोठे पाहुणे म्हणजे मोठेच." "असं कबूल करायला छाती लागते." माझ्या मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी स्वतः बघितलं. साडूंनी मान खाली घातली आणि सुपारी कातरायला बसले. चेहऱ्यावर तोच विनय. माझी वस्तू त्यांनी एवढी वर्षं वापरली आणि परत देताना दान केल्यासारखी दिली, आणि गावाने दात्याचं कौतुक केलं. मी भाव करणारा माणूस आहे. माझ्या लक्षात आलं, की हा सौदा मी साडूंनी लावलेल्या किमतीला केला आहे.

परत येताना एरंडोलपर्यंत मी गाडी दामटत होतो.

"मिळालं ना मनासारखं?" बायको म्हणाली.

"नाही."

"आता आणखी काय पाहिजे?"

साडूंनी ते दान म्हणून दिलं, हे मला नको होतं. त्यांच्या तोंडून ते निघताना त्यांना थोडं टोचायला हवं होतं.

रेडिओ मी तिथेच ठेवला. तो आबांचा. साडू आता निवृत्त आहेत, त्यांचा मुक्काम बराचसा सासुरवाडीलाच असतो. काही दिवसांनी त्यांचा फोन आला.

"साडूभाऊ, रेडिओ बंद पडला. आबा सकाळपासून इअरफोन कानात घालून बसलेत, ऐकू काही येत नाही. आता रडायलाच लागलेत. मेहुणा म्हणतो डायोड गेला."

डायोड गेला नव्हता. ऊन तसंच होतं, सळईभोवतीची माती परत सुकली होती, अर्थिंग सुटलं होतं. हे मला फोन उचलतानाच कळलं होतं.

"डायोड नाही गेला," मी म्हणालो.

"मग?"

"मग सांगतो. आबा शेजारी आहेत?"

"आहेत."

"आणखी कोण आहे?"

"कोणी नाही. का?"

"आबांना सांगा रेडिओ कोणी केला ते."

ते हसले. "अहो, सांगितलं की त्या दिवशी सगळ्यांसमोर."

"आता कोणी नाही समोर. आता सांगा."

"हे काय पोरखेळ आहे? म्हातारा माणूस इथे रडतोय…"

"तो रडतोय म्हणूनच लवकर सांगा."

फोनमध्ये खाट करकरली, ते उठले असावेत. मला वाटलं ठेवतात. मग लांबून, तोंड दुसरीकडे वळवलेलं, त्यांचा आवाज आला, दात आवळलेला, एकेक शब्द ढकललेला. "आबा. रेडिओ. तुमच्या धाकट्या जावयाने केला. दोन्ही वेळा." आणि मागून आबांचा, "कोन? कोन करी गया?" आणि परत ह्यांचा, जवळजवळ ओरडून, "धाकटा! धाकटा जावई! मी नाही केला!"

त्या आवाजात दान नव्हतं. चीड होती, खरी, आतून आलेली. एवढ्या वर्षांत मला त्या माणसाकडून मिळालेली ती पहिली प्रामाणिक गोष्ट.

"झालं समाधान?" त्यांनी फोनमध्ये विचारलं.

"सळईच्या बुडाशी बादलीभर पाणी टाका," मी म्हणालो. "रोज टाकत जा."